प्लास्टिकचे डबे भंगारात द्यायच्या आधी

सगळ्यात आधी, किचनमधलं सगळं प्लास्टिक एका झटक्यात उचलून भंगारवाल्याला देऊ नका. आणि "आम्ही इतकी वर्षं वापरतोय, काय झालं आम्हाला" म्हणून विषय बंद पण करू नका. फॅमिली ग्रुपवर साधारण हेच दोन पक्ष असतात, एक मावशी "प्लास्टिक म्हणजे कॅन्सर" वाला फॉरवर्ड टाकते, एक काका त्याखाली हसण्याचा इमोजी टाकतात, मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि चर्चा संपते. डबे आहेत तिथेच. म्हणून जरा नीट लिहितेय, की आधी काय काढायचं, काय बिनधास्त वापरायचं आणि शास्त्रज्ञांचं आपापसात नक्की कशावरून वाजलंय, कारण ते एकदा कळलं की पुढचा फॉरवर्ड आला तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्लास्टिक मुळात लांबच लांब साखळ्यांचं बनलेलं असतं, त्या सहजासहजी तुटत नाहीत. पण नुसत्या साखळ्यांनी डबा होत नाही, मऊपणासाठी, रंगासाठी, उन्हात तडकू नये म्हणून, पेट घेऊ नये म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं, शिवाय बनवताना नीट न जुळलेले तुकडे मागे राहतात ते वेगळेच. २०२४ मध्ये प्लास्टकेम नावाचा मोठा रिपोर्ट आला, त्यात प्लास्टिकशी संबंधित १६,००० पेक्षा जास्त केमिकल मोजली आणि त्यातली ४,२०० च्या वर काळजी करण्यासारखी म्हणून वेगळी काढली. यातली बरीचशी साखळीला पक्की बांधलेली नसतात, नुसती मध्ये अडकून बसलेली असतात, त्यामुळे हळूहळू बाहेर येतात. किती येणार ते चार गोष्टींवर ठरतं. अन्न किती गरम, किती तेलकट किंवा आंबट, किती वेळ त्यात राहणार, आणि भांडं किती जुनं नि ओरखडलेलं. बस एवढंच डोक्यात ठेवा. तोच पांढरा डबा, त्यात ज्वारी भरून ठेवली तर महिनोन्महिने काही बिघडत नाही, त्यातच उकळती आमटी ओतली तर हिशोब पार बदलतो.

गरम आधी

एकच गोष्ट बदलणार असाल तर ही बदला, गरम खाणं आणि प्लास्टिक यांची गाठ पडू द्यायची नाही. ऑफिसात टपरीवरून चहा पिशवीत बांधून येतो ना, वर दोरा किंवा रबर, आणि मग तो छोट्या कपात ओततात. पातळ पिशवी, जवळजवळ उकळता चहा, त्यात दुधातली साय, म्हणजे चारपैकी दोन प्रश्नांत तिथेच नापास. एक स्टीलची किटली नाहीतर थर्मास ऑफिसात आणून ठेवा, चहावाला नाही म्हणत नाही, उलट त्याची पिशवी वाचते. मिसळीचा कट, सांबार, मटणाचा रस्सा, सगळ्याला हाच नियम, पार्सल आणायला जाताना घरून डबा न्यायचा. सुरुवातीला हॉटेलवाला विचित्र बघतो, नंतर सवय होते त्याला.

"आम्ही तर पेपर कप वापरतो" असं म्हणणाऱ्यांसाठी, पेपर कप नुसता कागदाचा असता तर चहा दोन मिनिटांत खाली गळला असता. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मध्ये हे तपासलं, ८५ ते ९० डिग्रीचं १०० मिली पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवलं तर साधारण २५,००० मायक्रोप्लास्टिकचे, म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या प्लास्टिकचे कण पाण्यात येतात. आता एवढ्या कणांनी शरीराचं काय होतं हा वेगळा प्रश्न, त्यावर पुढे येतेच, पण कटिंगचा काचेचा ग्लास समोर असताना हा प्रयोग स्वतःवर कशाला करून बघायचा.

मायक्रोवेव्हचं तर सोपंय, त्यात प्लास्टिक घालायचंच नाही, काच किंवा चिनी मातीचं भांडं घ्यायचं. डब्याखाली "मायक्रोवेव्ह सेफ" लिहिलेलं असतं ते मुख्यतः डबा वितळणार-वाकणार नाही याबद्दल असतं, त्यातून काहीच बाहेर येणार नाही याची ती हमी नाही. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाने २०२३ मध्ये बाळांच्या खाण्याचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवून बघितले, तर काही डब्यांमधून एका चौरस सेंटिमीटरमागे ४० लाखांच्या वर मायक्रो आणि २०० कोटींच्या वर नॅनो, म्हणजे त्याहूनही बारीक, कण सुटले. फ्रिजमध्ये ठेवलं तेव्हा पण सुटले, पण तापवल्यावर सगळ्यात जास्त.

मेलामाइनच्या प्लेटा पण यातच येतात, त्या नाजूक फुलांच्या डिझाइनच्या, लग्नात आलेल्या. त्यात चिवडा द्या, फळं द्या, पण उकळतं सार किंवा मायक्रोवेव्ह नको, साधारण ७० डिग्रीच्या पुढे आणि आंबट पदार्थ असला की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन जास्त सुटतं.

आता पार्सलचे डबे. मराठी घरात एक कप्पा असतोच, धुवून पुसून एकात एक घातलेले काळे-पांढरे डबे, झाकणं कुठलीच जुळत नाहीत, आणि फेकायचं नाव काढलं की आई म्हणते असू दे, लागतात. तर असू देत. पण त्यात रांगोळी, बटणं, स्क्रू, फार तर पापड. ते डबे एकदाच वापरायच्या हिशोबाने केलेले असतात, दहा वेळा घासले की आतून खरखरीत होतात, त्यात परत गरम भाजी नको.

तेल, आंबट आणि काळी पिशवी

बरीच केमिकल पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतात, म्हणून लोणचं हा प्लास्टिकचा सगळ्यात वाईट वापर म्हणता येईल, तेल आहे, आंबट आहे, मीठ आहे आणि वर्षभर मुक्काम आहे. आजीची चिनी मातीची बरणी माळ्यावर असेल तर खाली काढा, नसेल तर काचेची. तेलाचं पाऊच आणलं की स्टीलच्या बरणीत रिकामं करा. तूप काचेत नाहीतर स्टीलमध्ये. दुधाच्या पिशवीची मात्र उगाच भीती घेऊ नका, दूध थंड असतं, एका दिवसाचा मामला असतो, पिशवी फोडून दूध पातेल्यात ओता आणि तापवा, झालं.

चिकन, मटण, मासे काळ्या पिशवीत आणता का? ती पिशवी बहुतेक वेळा रिसायकल केलेल्या प्लास्टिकची असते, आधी ते काय होतं, कशाचं पिंप होतं, कुठल्या वायरचं कव्हर होतं, कुणाला ठाऊक, काळा रंग घातला की सगळं खपतं. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत रिसायकल प्लास्टिक खाण्याच्या पदार्थांना वापरायचं नाही असं आहे, नंतर फक्त पेटच्या (पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांसारख्या ठराविक रिसायकल मालाला अटी घालून वाट दिली. म्हणजे तुमच्या मटणाची काळी पिशवी नियमातही बसत नाही. झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जा, रविवारच्या रांगेत चारजण असे दिसले की पाचवा पण आणतो.

आणि हो, प्लास्टिक नको म्हणून वडापाव वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊ नका. त्याच नियमांत वर्तमानपत्रात खाणं बांधायला पण बंदी आहे, शाईतलं काय काय गरम तेलाबरोबर थेट वड्यात उतरतं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

डब्याखालचा त्रिकोण

डबा उलटा करा, त्रिकोणात नंबर असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे प्रकार, कोरड्या आणि थंड पदार्थांना हे ठीक. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, एकदा वापरायला बनवलेल्या. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, त्यातच थर्माकोल आला, हे दोन खाण्यापासून लांब ठेवा, गरम असेल तर नक्कीच. ७ म्हणजे बाकी सगळे, त्यात जुने कडक काचेसारखे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पाण्याचे जग आणि बाटल्या येतात पण ७ असलं की पॉलिकार्बोनेटच असं नाही. नंबरच नसेल आणि नवा असताना वास मारत असेल तर तो डबा किचनच्या बाहेर, बाथरूममध्ये साबण ठेवायला वापरा.

बाळाची बाटली

इथे मात्र कंजुषी नको, कारण वजनाच्या मानाने बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पितं आणि त्याचे हार्मोन्स अजून घडत असतात. पॉलिकार्बोनेटमधून बीपीए नावाचं हार्मोनसारखं वागणारं रसायन सुटतं, त्यावर पुढे येते. पॉलिकार्बोनेटच्या दुधाच्या बाटल्यांवर युरोपात २०११ मध्ये बंदी आली, अमेरिकेने २०१२ मध्ये काढल्या, आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, २०१५ च्या स्टँडर्डमध्ये त्या बंद केल्या. तरी कुणाच्या थोरल्या मुलाची जुनी बाटली कपाटात असेल तर ती धाकट्याला देऊ नका.

हल्लीच्या प्लास्टिकच्या बाटल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलिनच्या. त्यात बीपीए नसतं, पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये दाखवलं की गरम पाणी घालून हलवलं की त्यातून पण कण सुटतात, काही बाटल्यांत लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत. काच किंवा स्टील घेतलीत तर प्रश्नच मिटला. प्लास्टिकचीच वापरायची असेल तर बाटली उकळून निर्जंतुक करा, मग आधी उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळा, पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात बनवा आणि पिण्याइतकं कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. बाटलीत गरम पाणी घालून जोरजोरात हलवायचं नाही. आणि कणांच्या भीतीने बाटली उकळणं बंद करू नका प्लीज, जुलाबाचा धोका समोर उभा असतो, त्याच्याशी तडजोड नाही.

मग भांडण कशावरून आहे

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि टिनच्या डब्यांच्या आतल्या लेपात असतं. ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं हे काही नवीन शोधलेलं नाही, १९३० च्या दशकातच एडवर्ड चार्ल्स डॉड्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते कृत्रिम हार्मोन म्हणून तपासलं होतं. प्लास्टिकमध्ये ते नंतर आलं. म्हणजे ते हार्मोनसारखं काम करू शकतं यावर वाद नाहीये, वाद आहे तो एवढ्याशा प्रमाणात काही करतं का यावर.

आता गंमत बघा. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, २०१५ मध्ये सांगितलं की रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ४ मायक्रोग्रॅम पोटात गेलं तरी चालेल. २०२३ मध्ये त्याच संस्थेने ते ०.२ नॅनोग्रॅमवर आणलं (एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम), म्हणजे वीस हजार पट कमी! कारण उंदरांच्या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींवर अगदी कमी डोसला परिणाम दिसला. लगेच जर्मनीच्या बीएफआर या धोके तपासणाऱ्या सरकारी संस्थेने हे पटत नाही म्हणून सांगितलं आणि स्वतःचा आकडा दिला २०० नॅनोग्रॅम, म्हणजे ईएफएसएच्या हजार पट. आणि अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध संस्थेची, भूमिका अशी की सध्या अन्नात जेवढं येतं तेवढं सुरक्षित आहे. तीनही ठिकाणी शिकलेसवरलेले लोक बसलेत, कुणी कंपन्यांना विकलं गेलंय म्हणून हे होत नाही (कंपन्यांचा दबाव असतोच, ते नाकारत नाहीये), तर कुठला बदल म्हणजे "इजा" धरायची यावरच एकमत नाही. पेशींची संख्या बदलली ही इजा, की त्यामुळे उंदीर आजारी पडला तरच इजा?

हा प्रश्न मिटावा म्हणून त्याआधीच एफडीए आणि विद्यापीठांच्या लॅब एकत्र आल्या, क्लॅरिटी नावाचा मोठा प्रयोग केला, त्याच कळपातले उंदीर वाटून घेतले. २०१८ मध्ये निकाल आला तर एफडीए म्हणते फारसं काही नाही आणि विद्यापीठवाले म्हणतात अहो कमी डोसला परिणाम दिसतायत की. युरोपियन युनियनने मात्र वाट न बघता डिसेंबर २०२४ मध्ये खाण्याच्या संपर्कातल्या वस्तूंमध्ये बीपीएवर बंदीचा नियम केला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. माझं मत विचाराल तर वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण आपल्याला करायचंय ते स्वस्त आहे, स्टीलचा डबा काही औषध नाही की त्याचे साइड इफेक्ट होतील.

"बीपीए फ्री" लिहिलेलं बघून जास्त पैसे देण्याआधी हे वाचा. पॅट्रिशिया हंट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या, १९९८ मध्ये अचानक चांगल्या-धडधाकट उंदरांच्या बीजांडांत पण गुणसूत्रांचा घोळ दिसायला लागला. शोधलं तर पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या साबणाने धुतल्या होत्या, पॉलिकार्बोनेट खराब झालं होतं आणि बीपीए सुटत होतं. मग त्यांनी पिंजरे बदलले, दुसऱ्या प्लास्टिकचे आणले. वीस वर्षांनी, २०१८ च्या पेपरमध्ये, त्याच लॅबने सांगितलं की परत तसंच झालं, या वेळी नवे पिंजरे झिजून त्यातून बीपीएस वगैरे सुटत होतं, बीपीएचंच भावंड. म्हणून "फ्री" वाचलं की दुकानदाराला विचारा, मग त्याच्याऐवजी काय आहे? उत्तर येणार नाही. दुकानातली चकचकीत बिलं छापतात त्या थर्मल कागदावर पण बीपीए नाहीतर बीपीएस असतं, ती मुठीत चुरगाळून ठेवू नका आणि पोरांना खेळायला देऊ नका.

एक चांगली बातमी पण आहे, बीपीए शरीरात साठून राहत नाही, बहुतेक एका दिवसात लघवीतून जातं. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूच्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, टिन-पॅकेटमधलं नसलेलं खायला दिलं तर लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्के कमी झालं. परदेशातल्या आपल्या लोकांनी हे जास्त मनावर घ्यावं, राजमा टिनचा, टोमॅटो टिनचा आणि आमरस पण टिनचाच. राजमा रात्री भिजत घालून कुकरला लावायला काही फार कष्ट नाहीत. आमरसाचं मात्र मी काही बोलत नाही.

बातमी वाचताना

आधी विचारायचं, कशावर तपासलंय, माणसावर, उंदरावर की बशीतल्या पेशींवर. मग, प्रमाण किती. "केमिकल सापडलं" आणि "केमिकलने नुकसान केलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०२४ मध्ये काळ्या प्लास्टिकच्या चमच्यांची बातमी जगभर फिरली, त्यात आग-विरोधक रसायनं सापडली होती आणि ती मर्यादेच्या अगदी जवळ आहेत असं म्हटलं होतं. नंतर कळलं की ६० किलोच्या माणसाची रोजची मर्यादा काढताना गुणाकार चुकला, ६० किलो गुणिले किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम म्हणजे ४,२०,००० हवं होतं, छापलं ४२,०००. शून्य खाल्लं! दुरुस्ती आली पण तोपर्यंत लोकांनी कालथे फेकले होते. तरी मी म्हणेन भाजी परतायला लाकडी नाहीतर स्टीलचा उलथना घ्या, कारण रसायनं सापडली हे खोटं नव्हतं, जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरचं प्लास्टिक रिसायकल होऊन चमच्यात येतं ही गोष्ट खरीच आहे.

"दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो आपण" हे पण २०१९ पासून फिरतंय, त्या ५ ग्रॅमच्या आकड्यावर नंतर खूप टीका झाली, प्रत्यक्षात कितीतरी कमी असावं असं बरेच शास्त्रज्ञ म्हणतात. याउलट इटलीतला २०२४ चा अभ्यास मी गांभीर्याने घेते, मानेच्या धमनीतला चरबीचा थर काढलेल्या २५७ रुग्णांकडे लक्ष ठेवलं, निम्म्याहून जास्त जणांच्या थरात प्लास्टिकचे कण होते आणि त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण साधारण साडेचार पट होतं. याने प्लास्टिकमुळेच झालं हे सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढंच, पण हसण्याचा इमोजी टाकण्यासारखं पण ते नाही.

पाणी, आणि जाळायची सवय

गाडीत तापलेल्या बाटलीतून डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन सुटतं हा फॉरवर्ड खोटा आहे, कितीही वेळा आला तरी. पेटच्या बाटलीत डायॉक्सिन नसतं. उन्हात तापली तर अँटिमनी नावाचा धातू जरा जास्त उतरतो, म्हणून ती बाटली गाडीत आठवडाभर लोळू देऊ नका एवढंच. बाटलीबंद पाण्यात कण मात्र भरपूर असतात, कोलंबिया विद्यापीठाच्या २०२४ च्या मोजणीत लिटरमागे सरासरी २,४०,००० सापडले, बहुतेक नॅनो. घरचं गाळून-उकळून स्टीलच्या बाटलीत भरलेलं पाणी बरं, माठ असेल तर उत्तमच.

डायॉक्सिन खरंच कुठे तयार होतं सांगू? प्लास्टिक जाळल्यावर, त्यातही पीव्हीसी. गावाकडे सकाळी पाण्याचा बंब पेटवायला दुधाची पिशवी, चपलेचा तुकडा, वायरचं कव्हर आत टाकतात, पटकन पेटतं म्हणून, आणि धूर घरभर. सोसायटीचा वॉचमन थंडीत तेच शेकोटीत टाकतो. डायॉक्सिनचा सगळ्यात विषारी प्रकार डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने १९९७ मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलाय. ज्या मावशी डब्यावरून भांडतात त्यांच्याच परसात हे चालू असतं, त्यामुळे माझ्या यादीत हे गरम चहाच्या शेजारी, पहिल्या नंबरावर. बंबाला नारळाची किशी, चिपाडं, वाळलेल्या झावळ्या घाला, तेवढाच वेळ लागतो.

मऊ प्लास्टिक

मऊ, वाकणारं, नवीन असताना "तो" वास येणारं पीव्हीसी, डायनिंग टेबलवरचा पारदर्शक कव्हर, स्वस्त रबरी खेळणी, शॉवरचा पडदा, यांना मऊ करायला थॅलेट घालतात. हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणाऱ्यांत यांचं नाव वर आहे, मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या वाढीवरून तर बराच अभ्यास झालाय. अमेरिका-युरोपने मुलांच्या खेळण्यांत काही थॅलेटवर केव्हाच मर्यादा घातली, आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून घ्या. जत्रेतलं पिपाणी-बाहुलं बाळ चघळत बसलं असेल तर काढून घ्या, रडू दे पाच मिनिटं. थॅलेट धुळीत पण जमतं, त्यामुळे कोरड्या झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेलं बरं, आणि रांगणारं मूल असेल तर जेवायच्या आधी हात धुवायचेच.

पैसे एकदम घालायची गरज नाही. आधी गरम आणि तेलकटवाले डबे बदला, मग पाण्याच्या बाटल्या, मग ओरखडे पडलेले, आणि डाळ-तांदळाचे डबे फुटेपर्यंत राहू देत. पोरांच्या डब्यात झाकण प्लास्टिकचं असलं तरी चालतं, खालचं भांडं स्टीलचं घ्या, भाजी जरा निवू द्या आणि झाकणाला टेकेल इतकी भरू नका.